विश्लेषण : खान्देशातील आदिवासी पीकसण नव्या जोमात, पण नवे धान्य आणायचे कुठून?

मार्गशीर्ष लागला की धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील गावांत पावरीचे सूर घुमू लागतात आणि डोंगऱ्यादेवाची तयारी सुरू होते. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतील पावरा आणि बारेला पाड्यांवर याच हंगामात इंदलचे नवस फेडले जातात. पिकाशी बांधलेले हे सण मध्यंतरी अनेक ठिकाणी ओसरले होते. आता शिकलेली तरुण पिढी त्यांच्याकडे परत वळते आहे, मोबाइलवर त्यांचे व्हिडीओ फिरत आहेत. मात्र ज्या धान्यासाठी हे सण होते ते धान्य शेतात उरलेले नाही आणि ज्यांनी ते साजरे करायचे ती माणसे सणाच्या दिवसांत उसाच्या फडात असतात. त्यामुळे या पुनरुज्जीवनात नेमके काय परत येते आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

खान्देशातील पीकसण कोणते?

सपाटीवरच्या खान्देशात दोन मोठे सण सर्वांना माहीत आहेत. अक्षय्य तृतीयेची आखाजी हे शेतीचे नवे वर्ष. सालदाराचा करार आखाजी ते आखाजी असा मोजला जातो, टोपलीत गहू पेरून गौराई उगवली जाते, पितरांची घागर भरली जाते, लेकी माहेरी येतात. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत ही आखाजी भेटते. दुसरा सण कानबाईचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते, घरातल्या माणसांच्या हिशेबाने मोजलेल्या गव्हाचे रोट होतात आणि भाऊबंदकी एकत्र येते. हे दोन्ही सण टिकले आहेत. कानबाई तर सुरत, नाशिक, पुण्यापर्यंत खान्देशी कुटुंबांसोबत पोहोचली आहे.

आदिवासी पट्ट्यातील सणांची गोष्ट वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यात सुमारे ३२ टक्के, तर जळगाव जिल्ह्यात सुमारे १४ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. कोकणा, भिल्ल, मावची, पावरा, बारेला यांचे सण पंचांगातील एका ठरावीक तारखेपेक्षा पिकाच्या अवस्थेवर आणि गावाच्या ऐपतीवर ठरतात. नवाई, वाघदेव, डोंगऱ्यादेव, इंदल ही त्यांतली प्रमुख नावे.

डोंगऱ्यादेव कसा साजरा होतो?

डोंगऱ्यादेव प्रामुख्याने साक्री, नवापूर, बागलाण, कळवण, सुरगाणा आणि गुजरातमधील डांग या सलग डोंगरपट्ट्यात होतो. मार्गशीर्षात सुरू होऊन पौर्णिमेला तो संपतो. प्रत्येक गावात तो दरवर्षी होतोच असे नाही. गावाने नवस बोललेला असतो आणि ऐपत पाहून काही वर्षांच्या अंतराने तो फेडला जातो. गावात मोकळी जागा सारवून देवखळी केली जाते आणि तिच्या मध्यभागी थोंब रोवला जातो. व्रत धरणाऱ्यांना माऊली म्हणतात. ते अनवाणी राहतात, खाण्यापिण्याचे कडक नियम पाळतात, पावरीच्या तालावर थोंबाभोवती नाचतात आणि गावोगाव फिरून दारोदारी धान्य घेतात. पावरी हे वाळक्या भोपळ्यापासून केलेले फुंकवाद्य. शेवटच्या रात्री माऊल्या डोंगरातील गडावर जातात, रात्रभर जागर होतो आणि परतल्यावर गावजेवण होते.

यातला ‘खळी’ हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. शेतकरी धान्य मळतो ते खळे आणि देव नाचतो ती खळी. दारोदारी जमते ते धान्यच असते. या पट्ट्यात कणसरी ही धान्याची देवता मानली जाते. कणसातला दाणा हेच तिचे रूप. म्हणजे डोंगर, देव आणि दाणा या तीन गोष्टी एकाच सणात गुंफलेल्या आहेत.

इंदल आणि नवाई म्हणजे काय?

इंदल हा सातपुड्यातील पावरा-बारेला समाजाचा नवसाचा सण. तो एका घराचा असतो, पण त्याला पाहुणे आसपासच्या पाड्यांवरून येतात. कळंबाच्या फांद्या आणून अंगणात रोवल्या जातात, रात्रभर ढोलाच्या तालावर नाच होतो, पावसाची देवता मानल्या जाणाऱ्या राणी काजलला आळवले जाते आणि सकाळी नैवेद्य दिला जातो. घरात धान्य आले आहे, हातात चार पैसे आहेत, अशा काळातच एवढा खर्च पेलतो. म्हणून इंदल सुगीनंतर.

नवाई त्याआधीची. शेतात नवे धान्य, नवी भाजी तयार झाली तरी ती लगेच खायची नाही. आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायची, मग घराने खायची. हा नियम साधा वाटतो, पण सगळ्या पीकसणांचा गाभा तोच आहे.

नवे धान्य आधी खायचे का नाही?

श्रावण-भाद्रपद हा डोंगरपट्ट्यातील सर्वांत कठीण काळ. जुने धान्य संपत आलेले आणि नवे अजून शेतात उभे. अशा वेळी कणीस कोवळे असतानाच तोडून खाण्याचा मोह होतो. तसे केले तर पीक घटते आणि पुढच्या वर्षीचे बियाणेही हातचे जाते. नवाईचा दिवस गावाने मिळून ठरवला की हा मोह सगळ्यांसाठी एकदमच थांबतो. त्या दिवसापर्यंत दाणा भरतो, चांगली कणसे कोणती ते कळते आणि बियाण्यासाठी ती बाजूला काढता येतात. थोडक्यात, हा सण अन्नाची शिस्त आणि बियाण्याची निवड ही दोन्ही कामे करत असे. धार्मिक श्रद्धेबरोबरच हा व्यवहारही त्यात होता, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

हे सण मागे का पडले?

पहिले कारण जुने आहे. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेत देवीची चळवळ उभी राहिली आणि तिचे लोण खान्देशच्या सीमेपर्यंत आले. दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा, सावकार आणि दारूविक्रेत्यांपासून दूर राहा, असा तिचा संदेश होता. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये या चळवळीवर ग्रंथ लिहिला. पुढे १९३८ च्या सुमारास पश्चिम खान्देशात गुलाम महाराजांच्या ‘आप’ चळवळीने हाच आग्रह धरला. शोषणाविरुद्ध उभे राहण्याचे बळ या चळवळींनी दिले. पण बकरा, कोंबडी आणि मोहाची दारू ज्यांत लागते अशा जुन्या सणांकडे संशयाने पाहण्याची सवयही त्यांतूनच आली. हा प्रश्न आजही समाजात चर्चिला जातो. काही गावांनी नारळावर नवस फेडण्याचा मार्ग काढला आहे, तर काहींना तो मान्य नाही.

दुसरे कारण शाळा आणि नोकरी. आश्रमशाळेत राहणारे मूल सणाच्या रात्री गावात नसते. गाणी आणि कथा तोंडी असल्याने एक पिढी गैरहजर राहिली की त्यांतला मोठा भाग कायमचा जातो. तिसरे आणि चौथे कारण अधिक खोल आहे : बदललेले पीक आणि हंगामी स्थलांतर.

मग आता ते परत का येत आहेत?

याची मुळे १९७० च्या दशकातील शहाद्याच्या लढ्यापर्यंत जातात. अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या काळात जमिनीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि त्याबरोबर ‘आमची भाषा, आमची गाणी कमी दर्जाची का?’ हा प्रश्नही उभा राहिला. त्याच लढ्यातून आलेले कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर आदिवासी एकता परिषदेने महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान या राज्यांतील आदिवासींची सांस्कृतिक संमेलने सुरू केली. ती दरवर्षी जानेवारीच्या मध्यात भरतात. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन जाहीर केला आणि आज शिरपूर, साक्री, चोपडा येथे त्या दिवशी पारंपरिक वेशात मिरवणुका निघतात.

समाजमाध्यमांनी याला वेग दिला. पूर्वी डोंगऱ्यादेवाचा नाच पाहायला त्या गावात जावे लागे. आता सुरतेत काम करणारा तरुण तो फोनवर पाहतो आणि आपल्या गावात यंदा का झाला नाही, हे विचारतो. अर्थात, व्हिडीओत नाच आणि वाद्य दिसते. व्रत, नियम, धान्याचा हिशेब आणि रात्रीची कथा त्यात फारशी येत नाही.

जगात इतरत्र असे झाले आहे का?

आयर्लंडचे उदाहरण जवळचे आहे. तेथील प्राचीन केल्टिक परंपरेत १ ऑगस्टच्या सुमारास लुनासा हा सुगीचा सण होता. आयरिश भाषेत ऑगस्ट महिन्याचे नावच ‘लुनासा’ आहे. जुलै हा तेथील उपासमारीचा महिना. लुनासाच्या आधी नवे बटाटे काढणे हे वाईट संसाराचे लक्षण मानले जाई. म्हणजे हा आपल्या नवाईचाच नियम. लोक या काळात डोंगरावर चढत, रानफळे गोळा करत. ख्रिस्ती धर्म आल्यावर सणाचा अर्थ बदलला, तरी डोंगर सुटला नाही. जुलैच्या शेवटच्या रविवारी क्रो पॅट्रिक या ७६४ मीटर उंच डोंगरावर आजही हजारो भाविक चढतात. मॉइरा मॅकनील यांनी गावोगावच्या आठवणींच्या आधारे १९६२ मध्ये या सणाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला.

पुनरुज्जीवनाचे दोन प्रयोग तेथे झाले. स्वातंत्र्यानंतर नव्या सरकारने लुनासाशी जोडलेले प्राचीन टेल्टन खेळ १९२४ मध्ये डब्लिनच्या मैदानात भव्य स्वरूपात भरवले. १९२८ आणि १९३२ नंतर ते बंद पडले. याउलट डोंगर चढण्याची प्रथा, गावच्या जत्रा आणि नव्या बटाट्याचे जेवण कोणत्याही सरकारी मदतीशिवाय दीर्घकाळ चालले. त्यातून एक धडा मिळतो. राजधानीतल्या मैदानावर नेलेला सण सरकारचा उत्साह असेपर्यंत चालतो. गावाच्या वाटेशी आणि ताटाशी जोडलेला सण अधिक काळ जगतो.

पीक बदलल्याने सणाचे काय होते?

डोंगरउतारावर नागली, वरई, ज्वारी, भादी, मोर, बर्टी अशी धान्ये एकत्र किंवा आलटूनपालटून घेतली जात. त्यांची जागा आता मका, सोयाबीन आणि कापसाने घेतली आहे. २००२ मध्ये बीटी कापूस आला आणि संकरित बियाणे दरवर्षी विकत घेणे हा नियम झाला. कापूस खाल्ला जात नाही, त्यामुळे त्याची नवाई होत नाही. मका बराचसा पशुखाद्याच्या कारखान्यांकडे जातो. बियाणे दुकानातून येणार असेल तर चांगली कणसे निवडून ठेवण्याचे कारणही संपते. सणासाठी मग बाजारातून नागली किंवा तांदूळ विकत आणला जातो.

शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्राने नागलीला क्विंटलला ४८८६ रुपये आणि मक्याला २४०० रुपये हमीभाव जाहीर केला. कागदावर नागली दुपटीने महाग आहे. पण एकरी उतारा मक्याचा कितीतरी जास्त, नागलीच्या लावणीला आणि मळणीला मजूर अधिक, आणि हमीभावाने खरेदी करणारे केंद्र जवळ असेलच असे नाही. वरई, भादी, बर्टी यांना तर हमीभावच नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून गाजले, तरी हे गणित बदलले नाही.

काही आशादायक कामेही आहेत. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव परिसरात बाएफ संस्थेने मका आणि ज्वारीचे देशी वाण गावकऱ्यांच्या मदतीने जपले आहेत. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पासाठी १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले. स्थानिक पीकवाण हा त्यातील एक विषय. अशा बीजबँकांचे वाटप नवाईच्या दिवशी झाले, तर सणाला त्याचे मूळ काम परत मिळेल.

ऊसतोडीचा सणाशी काय संबंध?

साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि वसंतापर्यंत चालतो. नेमका हाच डोंगऱ्यादेव आणि इंदलचा काळ. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा दक्षिण गुजरातेत जातात. हे नवे नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना फडात भेटलेले मजूर मोठ्या संख्येने खान्देशीच होते.

उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मध्येच गावी आले तर मजुरी बुडते, गाडीभाडे जाते. त्यामुळे गावात सण होतो तेव्हा म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि नोकरदार तेवढे उरतात. काही गावे सण पुढे ढकलतात, काही नवस वर्षानुवर्षे थकवतात. गावातच काम मिळाले तर चित्र बदलू शकते. रोजगार हमीची कामे कार्तिक-मार्गशीर्षात वेळेवर सुरू झाली आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर काही कुटुंबांना तरी उचल घ्यावी लागणार नाही. म्हणून सण टिकवण्याचा प्रश्न सांस्कृतिक खात्याइतकाच रोजगार हमी विभागाचाही आहे.

गड आणि जंगलाबाबत कायदा काय सांगतो?

डोंगऱ्यादेवाचा गड अनेकदा वनखात्याच्या ताब्यातील जमिनीवर असतो. इंदलसाठी कळंबाची फांदीही जंगलातूनच येते. या बाबतीत दोन कायदे महत्त्वाचे आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर आणि जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र ग्रामसभा म्हणून मान्यता मिळू शकते.

दुसरा २००६ चा वनहक्क कायदा. सामूहिक वनहक्काचा दावा करताना पवित्र स्थळे, देवराया, पूज्य झाडे हे पुरावे म्हणून नियमांत मान्य आहेत. म्हणजे ज्या गडावर गाव पिढ्यान्‌पिढ्या जाते, तो गड त्या जंगलावरील गावाच्या हक्काचा पुरावा ठरू शकतो. सण बंद पडला, वाट बुजली, गडाचे नाव सांगणारा म्हातारा गेला, तर हा पुरावाही कमजोर होतो. ग्रामसभेने गडाची वाट, स्थळ आणि सणाची माहिती ठरावात नोंदवून ठेवणे म्हणूनच उपयोगाचे आहे. त्याला खर्च लागत नाही.

धर्माच्या वादात सण का ओढले जातात?

पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. आदिवासी धर्मासाठी स्वतंत्र रकाना असावा ही मागणी देशभर आहे. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये तसा ठरावही केला. दुसरीकडे, धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, अशीही मागणी होते. साक्री-नवापूर पट्ट्यात ख्रिस्ती झालेली कुटुंबे आहेत. कोण देवखळीवर येतो आणि कोण येत नाही, याकडे त्यामुळे राजकीय नजरेने पाहिले जाऊ लागले आहे.

कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. १९५० च्या अनुसूचित जमाती आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती आहे. त्यामुळे सणात सहभाग हा जमातीचा दाखला ठरत नाही. पण गावपातळीवर परिणाम होतो. डोंगऱ्यादेव हा सर्व घरांच्या धान्यावर उभा राहणारा सण आहे. काही घरे स्वतःहून बाजूला झाली किंवा त्यांना बाजूला केले गेले, तर वाटा कमी होतो आणि गावाची एकी तुटते. काही गावांत गावजेवणाला सगळे आणि पूजेला ज्याची इच्छा तो, असा मधला मार्ग निघू शकतो. तो मार्ग गावाने शोधायचा आहे. बाहेरच्यांनी लादला तर तो टिकणार नाही.

पुढे काय होऊ शकते?

दोन शक्यता दिसतात. पहिली, सण व्यासपीठावर जाईल. महोत्सव भरेल, पथके येतील, बक्षिसे दिली जातील, पावरी वादकाला मानधन मिळेल. हे वाईट नाही. कलावंताला पैसे मिळालेच पाहिजेत. पण दहा मिनिटांच्या सादरीकरणात व्रत आणि धान्य बसत नाही. दुसरी शक्यता कष्टाची आहे. गावातच सण राहील, त्यासाठी निदान एका शेतात नागली-वरई पेरली जाईल, गाणी आणि कथा जाणत्यांकडून नोंदवून घेतल्या जातील आणि त्या आश्रमशाळेत शिकवल्या जातील.

सरकारला यासाठी नवी योजना आणण्याची गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांना स्थानिक सुट्या जाहीर करण्याचा अधिकार आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला आदिवासी पट्ट्यातील शाळांना सुटी मिळाली तर मुले गडावर जाऊ शकतील. आयर्लंडने २०२३ पासून संत ब्रिजिड दिनाला, म्हणजे जुन्या केल्टिक वसंतसणाच्या दिवसांत, राष्ट्रीय सुटी दिली आहे. भरडधान्याची खरेदी केंद्रे वेळेवर उघडणे, प्रलंबित सामूहिक वनहक्क दावे निकाली काढणे आणि हिवाळ्यात गावातच काम देणे, ही कामे तर कायद्याने आधीच सोपवलेली आहेत.

येत्या काही वर्षांत सणांची गर्दी वाढेल, यात शंका नाही. पुनरुज्जीवन खरे की दिखाऊ, हे मात्र देवखळीवर जमणाऱ्या धान्यावरून कळेल. ते गावच्या शेतातले असेल आणि ते पिकवणारी माणसे त्या रात्री गावात असतील, तर सण परतला असे म्हणता येईल.